बाईंची अठ्ठावीस बोअर

प्रभाबाई आमच्या शाळेत भूगोल शिकवत आणि त्यांच्या घरी बंदूक होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. पण शाळेत नवीन आलेल्या माणसाला पहिली गोष्ट कळायच्या आधी दुसरी कळत असे. मी बदली होऊन आलो त्या दिवशी शिपायानं चहाचा कप हातात देता देता खिडकीतून बोट दाखवलं आणि सांगितलं की त्या छत्रीवाल्या मॅडम दिसतात ना, त्यांच्याशी जरा सांभाळून, त्यांच्याकडे लायसनची बंदूक आहे. मी वाकून पाहिलं. पाच फुटांच्या आतबाहेर उंची, चष्म्याला बांधलेली काळी दोरी, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात उघडलेली छत्री. हिवाळ्याचे दिवस होते आणि आभाळात ढगाचा पत्ता नव्हता.

छत्री बाराही महिने असे. पावसाळ्यात पावसासाठी, उन्हाळ्यात उन्हासाठी आणि हिवाळ्यात सवय मोडू नये म्हणून. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मी मात्र पहिल्या दिवसापासून बाई म्हणू लागलो, कारण त्या मला माझ्या लहानपणच्या बाईंसारख्या वाटल्या. वर्गात गोंगाट झाला की त्या डस्टर उचलायच्या आणि टेबलावर दोनदा ठेवायच्या. आपटायच्या नाहीत, नुसत्या ठेवायच्या. ठक्, ठक्. मग चाळीस-पन्नास पोरं चिडीचूप. माझ्या वर्गात मी घसा बसेस्तोवर ओरडत असे आणि मधल्या भिंतीपलीकडून ते दोन ठक् ऐकू आले की माझी पोरंसुद्धा गप्प बसत. याचा मला मनापासून राग यायचा. एकदा मी विचारलंच की बाई, छडी न वापरता तुम्हाला हे जमतं कसं. त्या म्हणाल्या, "भेव पुरते, सर. मार कशाले पायजे?"

हे वाक्य त्या उठता-बसता म्हणत. पुढं कळलं की ते मूळचं त्यांचं नव्हतं, त्यांच्या वडिलांचं होतं, आणि पोरांबद्दल नव्हतं, पिकात शिरणाऱ्या रोह्यांबद्दल होतं.

मेहकरहून लोणारला जाणारा रस्ता सोडून आत गेलं की बाईंचं गाव लागतं. वडील, म्हणजे आबा, तिथले बऱ्यापैकी जमीनवाले. एकुलती एक मुलगी. बाईंनी लग्न केलं नाही. का केलं नाही हे कोणी विचारत नसे. शिपायाच्या मते त्याचं कारण बंदूक हेच होतं. आमच्या भागात बंदूक अगदीच दुर्मीळ नाही. पिकाच्या रक्षणासाठी जुने परवाने काही घरांत आहेत. पण त्या सगळ्या बारा बोअरच्या. बोअर म्हणजे नळीची जाडी, आणि तिचा हिशोब उलटा चालतो: आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. बाराची नळी जाडजूड, तिचा आवाज तीन शिवारं ऐकतात. आबांची होती अठ्ठावीसची. अकोल्याच्या कोण्या ठेकेदारानं गाशा गुंडाळताना ती त्यांना दिली होती. स्वातंत्र्याच्या आधीची, अमेरिकन बनावटीची, पंपाची. पंपाची म्हणजे नळीच्या खाली एक लाकडी मूठ असते. ती डाव्या हातानं मागं ओढायची आणि पुढं ढकलायची. मागं ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढं ढकलली की नवं आत बसतं. खट्, खट्. गावातले बारा बोअरवाले हसायचे आणि म्हणायचे की आबांनी पाखरं हाकलायची बंदूक आणली. आबा म्हणायचे की आणली ती पोरीला उचलता यावी म्हणून. आणि ती पोरीला उचलता येत होती. बाई आठवी-नववीत असल्यापासून ती चालवत होत्या.

मी ती पहिल्यांदा पाहिली ती दसऱ्याला. बाईंनी स्टाफमधल्या दोघा-तिघांना शेतावर बोलावलं होतं. वऱ्हांड्यात पाटावर बंदूक, तिच्यापुढं वही-पेन, विळा आणि शाळेतला एक नकाशा गुंडाळून ठेवलेला. बंदुकीला बाईंच्या आईच्या लुगड्याची खोळ होती, हिरवी, काठाची. पूजा झाल्यावर बाईंनी खोळ काढली आणि आम्ही बांधावर गेलो. पलीकडच्या मातीच्या उंचवट्यापुढं एक फुटकं मडकं उपडं ठेवलेलं होतं. बाईंनी पदर खोचला, चष्म्याची दोरी मानेमागं घट्ट केली, आजूबाजूला कोणी नाही हे दोनदा पाहिलं, आम्हाला मागं सरकायला लावलं आणि बंदूक खांद्याला लावली. मी कानांवर हात ठेवून तयार होतो. झाला तो आवाज अगदी साधा होता, फट्. मडक्याच्या मात्र खापऱ्या झाल्या. बाईंनी मूठ मागं ओढली, रिकामं काडतूस मातीत पडलं, ते उचलून त्यांनी नाकाला लावलं आणि कमरेला खोचलं. वर्षातून एकदा, एक काडतूस, एक मडकं. एवढंच. "सर, धरता का?" त्यांनी मला विचारलं. मी धरली. वाटली होती त्याहून पुष्कळ हलकी होती आणि लाकडी मूठ झिजून झिजून साबणासारखी गुळगुळीत झाली होती. मी ती लगेच परत दिली, कारण मला भीती वाटली आणि ती बाईंना दिसू नये असंही वाटलं.

एकच काडतूस उडवायचं कारण असं की अठ्ठावीसची काडतुसं मिळायची बंद झाली होती. दर दिवाळीनंतर बाई एसटीनं अकोल्याला जात. तिथं एक जुना दुकानदार होता, म्हातारा, अत्तराचा फाया कानात ठेवणारा. एकदा मला अकोल्यात काम होतं म्हणून मीही बरोबर गेलो. बाई दुकानात शिरल्या, स्टुलावर बसल्या, चहा आला. म्हाताऱ्यानं त्यांच्या तब्येतीची, पाऊसपाण्याची, सोयाबीनच्या भावाची चौकशी केली. मग बाईंनी विचारलं. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "अगले साल देखेंगे, बहनजी." मग त्यानं भिंतीवरची एक दुनळी काढून दाखवली, बारा बोअरची, आणि ती कशी चांगली आहे ते सांगितलं. बाईंनी ती हातात घेऊन आदरानं पाहिली आणि परत केली. बाहेर आल्यावर मी म्हणालो की बाई, हा माणूस दरवर्षी हेच सांगणार. बाई म्हणाल्या की तो नाही कुठं म्हणाला, पुढच्या वर्षी म्हणाला. छत्री उघडून त्या स्टँडकडे चालू लागल्या.

काडतुसं नव्हती तर त्या बंदुकीचा उपयोग काय, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर हुरड्याच्या दिवसांत मिळालं. आम्ही भल्या सकाळी शेतावर गेलो होतो. शेकोटी पेटायची होती. बाईंनी हळूच माझ्या बाहीला धरून दाखवलं. हरभऱ्यात रोही उभे होते, आठ-दहा तरी असतील. बाकी देश त्यांना नीलगाय म्हणतो, आमच्याकडे रोहीच. घोड्याएवढं जनावर, एका सकाळीत अर्धा एकर हरभरा फस्त करतं. बाईंनी बंदूक घेतली. रिकामी होती, मला उघडून दाखवली. बांधावर उभ्या राहून त्यांनी मूठ मागं ओढली आणि पुढं ढकलली. खट्, खट्. थंडीत तो आवाज मला वाटलं नव्हतं इतका दूर गेला. सगळ्या माना एकदम वर झाल्या, आणि दुसऱ्या खट् सरशी कळप उधळला तो नाल्यापलीकडेच गेला. शेवटी एक मोठा काळसर नर होता, तो जरा थांबला, बाईंकडे पाहिलं आणि मग गेला.

"जा बापा," बाई त्याला म्हणाल्या. मग मला सांगितलं, "याईले आता काडतूस लागत नाई, सर. आवाज पाठ झाला."

त्यांनी एकाही जनावराला कधी छर्रा लागू दिला नाही. आबांनी सुरुवातीला हवेत बार काढून काढून रोह्यांना शिकवलं की खट् खट् झालं की पुढं बार येतो. पुढं बार येईनासा झाला, पण रोह्यांनी पिढ्यान्पिढ्या विश्वास ठेवला. शाळेतल्या डस्टरचं गुपित मला त्या दिवशी कळलं. ते मी माझ्या वर्गात करून पाहिलं, पण पोरं हसली.

आबांना मी पाहिलं नाही. ते मी यायच्या आधीच गेले होते. त्यांच्याबद्दल बाई फार बोलत नसत, पण एकदा बोलल्या. दुपारची सुट्टी होती, स्टाफरूममध्ये दोघंच होतो आणि त्या डबा खाऊन बोटं पुसत होत्या. आबांना लकवा झाला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डोकं मात्र शाबूत. वऱ्हांड्यात खुर्चीवर बसवलं की ते डाव्या हातानं खुणा करत, पण बाई स्वयंपाकघरात असल्या की खुणा कोणाला दिसणार? मग एके दिवशी त्यांनी खुणेनं बंदूक मागितली. बाईंनी काडतुसं कुलपात आहेत याची खात्री केली आणि रिकामी बंदूक त्यांच्या मांडीवर ठेवली. पंप ओढायला डावाच हात लागतो. एकदा खट् खट् म्हणजे पाणी. दोनदा म्हणजे ये, बस माझ्याजवळ. दीड-दोन वर्षं बापलेकीचं सगळं बोलणं त्या मुठीवर चाललं. शेजारपाजारच्यांना आधी दचकायला व्हायचं, मग सवय झाली. शेजारीण भिंतीवरून ओरडून सांगायची की पोरी, तुझा बाप पाणी मागून राह्यला.

"शेवटच्या दिवशी म्या भाकर टाकत होती," बाई म्हणाल्या. "एक खट् ऐकू आला. म्या वाट पाह्यली. दुसरा आलाच नाई. जाऊन पाह्यलं तं मूठ मागं ओढेल तशीच, अन् हात तिच्यावर. पुढं ढकलाची राहूनच गेली." मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "म्या ढकलली मंग. तशी उघडी कशी ठिवाची?"

घंटा झाली आणि त्या डस्टर घेऊन वर्गावर गेल्या.

त्या बंदुकीची काळजी त्या कशी घेत ते सांगायलाच हवं. रविवारी न्हाणं झालं की शिलाई मशीनचं तेल, आबांच्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा, आणि हातांना आधी राख लावून धुणं, कारण हाताच्या घामात मीठ असतं आणि मिठानं लोखंड जातं. तेल लावलं की मूठ एकदा मागं, एकदा पुढं, आणि खोळ. पाहुणा असो वा नसो, हे थांबायचं नाही. त्यात खंड पडायचा तो फक्त निवडणुकीत. निवडणूक लागली की परवानाधारकांनी बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, असा नियम. बाई नियम मोडणाऱ्यातल्या नव्हत्या. खोळीतली बंदूक घेऊन त्या एसटीत बसत. कंडक्टर त्यांना दाराजवळची सीट देई आणि शेजारच्या सीटवर ठाण्यापर्यंत कोणी बसत नसे. ठाण्यात मालखाना सांभाळणारा गजानन म्हणजे त्यांचाच विद्यार्थी, सातवीत नदीच्या जागी रेल्वे काढणारा. त्याला त्या बजावत की खोळ काढू नको, भिंतीला टेकवू नको, खालती पोतं टाक. गजानन हाव बाई, हाव बाई म्हणत लिहून घेई.

बाई निवृत्त झाल्या, मग मीही झालो आणि मेहकरला राहायला आलो. त्यानंतर एक वर्ष असं आलं की दसरा नेमका आचारसंहितेत सापडला. बंदूक ठाण्यात. मी सहज भेटायला गेलो होतो तर बाई निघण्याच्या तयारीत, पिशवीत झेंडूची फुलं, हळदकुंकू, आपट्याची पानं. मला म्हणाल्या चला. ठाण्यात पोहोचलो तेव्हा पोलिसांचंच शस्त्रपूजन चाललं होतं. सतरंजीवर त्यांच्या रायफली ओळीनं मांडलेल्या, हार घातलेल्या, आणि साहेब टोपी काढून पूजेला बसलेले. साहेब नवे होते, कोल्हापूरकडचे. बाई दारात उभ्या राहिल्या. गजाननानं साहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेबांनी बाईंकडे पाहिलं, तोंडावर हसू आलं ते आवरलं, आणि म्हणाले की आणा, ठेवा शेवटी.

अशी ती अठ्ठावीस बोअर सरकारी रायफलींच्या ओळीत सगळ्यात शेवटी जाऊन बसली. बाईंनी खोळ काढली, कुंकू लावलं, फूल वाहिलं. मग दोन्ही हातांनी ती उचलली आणि डावा हात मुठीवर नेला. साहेब लगेच म्हणाले, "मॅडम, मूठ ओढू नका." अगदी सौम्यपणे म्हणाले. नियमच होता. बाईंनी हात काढून घेतला. परतीच्या एसटीत त्या खिडकीबाहेर पाहत बसल्या. मी सोनं म्हणून आपट्याचं पान दिलं ते त्यांनी घेतलं आणि पिशवीत ठेवलं, पण माझ्या हातावर द्यायचं विसरल्या.

निकाल लागले, बंदुका परत द्यायचा हुकूम निघाला. बाई आणायला गेल्या. तिथं गजानन म्हणाला की बाई, नेऊन काय करता, झेडपीची निवडणूक आज लागते की उद्या लागते असं चाललंय. तुम्हाला पुन्हा एसटीत बसून आणावी लागेल. इथं पोत्यावर ठेवली आहे, राहू द्या. बाईंनाही ते पटलं. गुडघे दुखत होते. "मंग राहू दे," त्या म्हणाल्या, "ते निवडणूक आटोपली की एकदमच नेईन."

झेडपीची निवडणूक काही लागेना. ती लागणार लागणार असं आम्ही सगळेच म्हणत होतो. गावातले पुढारी पांढरे कपडे शिवून बसले, त्यांचे मळले, पुन्हा धुतले, पण निवडणूक नाही. आम्हाला याचं काही वाटलं नाही, कारण निवडणूक पुढं जाणं हे आम्हाला नवीन नव्हतं. बाई दर अमावास्येला ठाण्यात जात. गजानन बंदूक वऱ्हांड्यात आणून देई, बाई बाकावर बसून तेल लावत, मूठ एकदा मागं एकदा पुढं करत, खोळ घालत आणि परत देत. ठाण्यात आलेले तक्रारदार त्यांच्याकडे पाहत बसत. दवाखान्यात ठेवलेल्या माणसाला डबा घेऊन जावं तसं ते चाललं होतं.

अशात परवान्याची मुदत संपली. बाईंच्या ते लक्षात होतं; त्या वेळेवर अर्ज घेऊन बुलढाण्याला, जिल्ह्याच्या कचेरीत गेल्या होत्या. त्यावर नूतनीकरणासाठी शस्त्र समक्ष दाखवा असं सांगण्यात आलं. शस्त्र ठाण्यात आहे, बाई म्हणाल्या. तर मग ठाण्यातून आणून दाखवा. ठाण्यात गेल्या तर गजानन डोकं खाजवत म्हणाला की बाई, चालू परवाना दाखवल्याशिवाय शस्त्र बाहेर काढता येत नाही, वऱ्हांड्यापर्यंत ठीक होतं. मी त्यांच्याबरोबर बुलढाण्याला गेलो, एकदा नाही, पुष्कळदा. मी भांडायच्या तयारीनं जायचो. माझा स्वभाव तसा आहे. पण भांडायला समोर कोणी पाहिजे ना. प्रत्येकानं बाईंना खुर्ची दिली. एका कारकुनानं स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. सगळे म्हणाले तुमचं बरोबर आहे मॅडम, आणि सगळे म्हणाले पण आमच्या हातात नाही. एका तरुण अधिकाऱ्यानं तर फार मनापासून समजावलं की आता रोह्यांसाठी बंदूक कशाला, सौरऊर्जेवरचं झटका मशीन मिळतं, तार लावायची, बटण दाबायचं, सायरनसुद्धा असतो, अनुदान आहे. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, मले ते चालवाची नाई. मले फकस्त ते घरी पायजे." त्याला कळलं नाही. मला कळलं, पण माझ्या कळण्याचा तिथं काय उपयोग.

गजाननची बदली झाली. त्याच्या जागी आलेला माणूस वाईट नव्हता, पण तो बाईंचा विद्यार्थी नव्हता. मालखान्यातली वस्तू बाहेर काढता येणार नाही, तो म्हणाला. बाईंनी जाळीतून पाहू देण्याची विनंती केली. त्यानं पाहू दिलं. मीही मागून डोकावलो. आत कोपऱ्यात बंदुका भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि बाईंची सगळ्यांत लहान म्हणून लगेच ओळखू आली. खोळ नव्हती. गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. आणि मूठ मागं ओढलेली होती.

बाईंनी जाळी दोन्ही हातांनी धरली. "ते उघडी काऊन ठिवली?"

तो म्हणाला की तसा नियम आहे. आत काडतूस नाही हे कोणालाही बघताक्षणी दिसलं पाहिजे, म्हणून सगळ्या उघड्याच ठेवतात. सुरक्षेसाठी.

"तेवढी पुढं ढकला, बापा," बाई म्हणाल्या. "बाकी काई नाई मागत म्या. ठिवा तुमच्यापाशी. पर तेवढी पुढं ढकला."

तो ओशाळला. माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला काय सांगणार होतो? ठाण्याच्या वऱ्हांड्यात एका पोलिसाला एका म्हाताऱ्या बाईच्या बापाच्या मरणाची गोष्ट सांगायची, आणि तीसुद्धा बाईंसमोर? त्यानं चाचरत सांगितलं की साहेबांना विचारतो. पुढच्या अमावास्येला आम्ही गेलो तेव्हा तो कोपरा रिकामा होता. जुनी, परवाना संपलेली शस्त्रं जिल्ह्याला पाठवली, असं कळलं. पाठवताना बंद करून पाठवली का, बाईंनी विचारलं. त्याला आठवत नव्हतं. बहुतेक उघडीच असेल मॅडम, नेतानाही तसाच नियम असतो, तो म्हणाला. खोळ मात्र त्यानं शोधून ठेवली होती. घडी घालून त्यानं ती बाईंच्या हातात दिली.

त्यानंतर बाई ठाण्यात गेल्या नाहीत. अकोल्यालाही नाही. मी सारखं म्हणत राहिलो की वकील बघू, पुन्हा अर्ज करू, वरती लिहू. त्या हो म्हणत आणि विषय बदलत. तेलाची बाटली अन् धोतराचा तुकडा कपाटात तसाच होता. त्यांच्या मावसबहिणीचा पुण्याचा मुलगा येऊन झटका मशीन बसवून गेला.

या हिवाळ्यात मी हुरड्याला गेलो. आम्ही दोघंच होतो. शेकोटी पेटायची होती आणि हरभऱ्यात रोही आले होते. तारेवरून उडी मारून. त्यांना आता तारही पाठ झाली आहे. मशीनचा सायरन वाजून वाजून थांबला. रोह्यांनी मानाही वर केल्या नाहीत. कळप मोठा होता, बहुतेक नवी जनावरं. पण कडेला तो काळसर नर होता, आता गळ्याखालची कातडी लोंबलेला, खांद्यावर टक्कल पडलेला.

बाई बांधावर गेल्या. मला वाटलं त्या ओरडतील, दगड मारतील. त्यांनी छत्री खाली ठेवली. उजवा हात खांद्याशी नेला, डावा पुढं केला, हवेत. मग डावा हात मागं ओढला आणि तोंडानं म्हणाल्या, "खट्."

बाकी कळप चरत राहिला. म्हाताऱ्या नरानं मान वर केली. कान आमच्याकडे वळवले, एक पाय उचलून धरला आणि तसाच उभा राहिला. तो दुसऱ्या खट्ची वाट पाहत होता.

मीही पाहत होतो. बाईंचा डावा हात मागं होता तो तिथंच राहिला. मी हळूच म्हणालो, "बाई, पुढचा?"

"पुढचा कसा देऊ, सर," बाई म्हणाल्या. "ते तिथं उघडीच हाय."

नर पुष्कळ वेळ उभा होता. मग त्यानं उचललेला पाय खाली टेकवला आणि हरभऱ्यात तोंड घातलं.